बारा गोण्या आणि एक पाय: जुन्या डर्ट बाईकच्या किकचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे इअरफोन घरी विसरून लोकलमध्ये चढलेत, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय. बोलताना जी आकडेमोड भर्रकन निघून गेली ती इथे जरा सावकाश मांडली आहे.

सुरुवात एका हिशोबाने करू. १९७० च्या दशकातली यामाहाची एक्सटी ५०० घ्या. एकच सिलिंडर, ४९९ सीसी, सिलिंडरचा व्यास ८७ मिलिमीटर. म्हणजे पिस्टनच्या डोक्याचं क्षेत्रफळ झालं साधारण ५९ चौरस सेंटिमीटर. पिस्टन वर येताना हवा दाबली जाते. तो दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरला १० किलो धरला, तर पिस्टनवर येणारा भार होतो ५९० किलो. तांदळाच्या ५० किलोच्या जवळपास बारा गोण्या.

आणि समोर कोण? ६०-६५ किलोचा एक माणूस, एका पायावर उभा.

किकचा लिव्हर लांब असतो, त्यामुळे थोडा फायदा मिळतो हे खरं. पण एका किकमध्ये क्रँक एकापेक्षा जास्त वेळा फिरायला हवा, म्हणून मधले गिअर तो फायदा बराचसा परत काढून घेतात. मग ही गाडी चालू होते कशी? तर पायाने त्या बारा गोण्या ढकलायच्याच नसतात. पायाने फिरवायचं असतं जड फ्लायव्हील, आणि फ्लायव्हीलने गोण्या ढकलायच्या असतात. जुन्या डर्ट बाईकला किक मारायच्या जेवढ्या म्हणून युक्त्या आहेत, त्या सगळ्या या एका वाक्यात येतात. त्या कुठून आल्या आणि हळूहळू माणसाच्या पायातून निघून मशीनमध्ये कशा गेल्या, त्याची ही गोष्ट.

किकच्या आधी

अगदी सुरुवातीच्या मोटारसायकली म्हणजे इंजिन बसवलेल्या सायकलीच. पेडल मारत निघायचं आणि इंजिन पकडलं की पाय थांबवायचे. आपल्याकडे पुण्याच्या कायनेटिकची लूना १९७२ साली आली, तीसुद्धा पेडलनेच चालू व्हायची. आजोबांना विचारा, सांगतील. ज्या गाड्यांना पेडल नव्हते, त्या ढकलत पळायचं आणि इंजिन फुरफुरलं की उडी मारून बसायचं. क्लच नसलेल्या गाडीला दुसरा इलाजच नव्हता. सपाट रस्त्यावर हे जमतं. चढावर, चिखलात कसं जमणार?

१९०८ साली इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड अँगस स्कॉट या इंजिनिअरने आपली दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक मोटारसायकल आणली. तिला पायाने मारायचा स्टार्टर होता. गाडी जागेवर उभी, माणूस जागेवर उभा, आणि इंजिन चालू. किक स्टार्टचं श्रेय सहसा स्कॉटलाच दिलं जातं.

याच स्कॉटने १९१४ मध्ये आपल्या कारखान्यातल्या लोकांसाठी यॉर्कशरच्या डोंगराळ भागात एक खडतर स्पर्धा भरवली. तीच पुढे 'स्कॉट ट्रायल' झाली. ती इतकी गाजली की दक्षिण इंग्लंडमधल्या कॅम्बर्लीच्या क्लबने २९ मार्च १९२४ ला तशीच एक शर्यत ठेवली. फक्त त्यातले कसब तपासायचे, गुण कापायचे टप्पे काढून टाकले आणि नुसता वेग ठेवला. मग तिला ट्रायल म्हणता येईना, म्हणून नाव पडलं 'स्क्रॅम्बल'. आज आपण ज्याला मोटोक्रॉस म्हणतो त्याचा जन्म साधारण इथला मानतात. म्हणजे किक देणारा माणूस आणि मातीतल्या शर्यतीच्या मुळाशी असलेला माणूस एकच. तो स्वतः मात्र १९२३ मध्येच न्यूमोनियाने गेला होता. कॅम्बर्लीची शर्यत त्याने पाहिली नाही.

मोठा सिंगल आणि त्याची पूजा

दुसऱ्या महायुद्धानंतर स्क्रॅम्बलिंगवर राज्य केलं ते ब्रिटिश फोर-स्ट्रोक सिंगल गाड्यांनी. त्यातलं ठळक नाव म्हणजे बीएसए गोल्ड स्टार. ५०० सीसीची युरोपियन मोटोक्रॉस चॅम्पियनशिप १९५२ ला सुरू झाली आणि १९५५ ला जॉन ड्रेपरने ती बीएसएवर जिंकली. ही गाडी जेवढी वेगासाठी प्रसिद्ध, तेवढीच चालू करताना घाम काढण्यासाठी.

ती चालू करणं म्हणजे साग्रसंगीत पूजा. एकही पायरी चुकवायची नाही, क्रम बदलायचा नाही.

पहिलं, पेट्रोलचा कॉक उघडा. मग अमल कार्ब्युरेटरवरचं छोटं बटण, टिकलर, दाबा. त्याने आतला फ्लोट खाली ढकलला जातो आणि पेट्रोल जरा जास्त भरतं. बोटाला ओल लागली की थांबा. थंड इंजिनला जास्तीचं पेट्रोल लागतं, म्हणून हा उपद्व्याप. आपल्याकडे सकाळी सकाळी बजाज चेतक तिरकी करून मग किक मारणारे काका आठवतात? कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल जरा जास्त उतरावं, हाच त्यामागचा तर्क.

दुसरं, हँडलवरच्या लिव्हरने ठिणगीची वेळ मागे घ्या. हे का, ते नीट समजून घ्या, कारण इथे पाय मोडतो. वेगात धावणाऱ्या इंजिनमध्ये ठिणगी पिस्टन वर पोचायच्या बरीच आधी पडते, कारण मिश्रण पेटायला वेळ लागतो आणि तोवर पिस्टन वर आलेला असतो. पण किक मारताना क्रँक हळू फिरतो. ठिणगी तेवढीच आधी पडली तर मिश्रण पेटून जातं आणि पिस्टन अजून वाटेतच. मग स्फोट त्याला उलटा खाली ढकलतो, क्रँक उलटा फिरतो आणि किकचा लिव्हर तुमच्या पायाला परत हाणतो. आपल्याकडे बुलेटवाले याला 'गाडीने बॅक मारली' म्हणतात. घोटा, नडगी, गुडघा, यातलं काहीही जाऊ शकतं. म्हणून जाड बूट घाला, पाऊल मधोमध लिव्हरवर ठेवा आणि किकच्या शेवटी गुडघा ताठ होऊ देऊ नका. ताठ गुडघा म्हणजे तो झटका थेट सांध्यात.

तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची. किक हळूहळू खाली दाबा. एका ठिकाणी ती अडते. आता पिस्टन कॉम्प्रेशनमध्ये, वरच्या टोकाच्या जवळ आलाय. जोर लावू नका. हँडलवरचा व्हॉल्व्ह लिफ्टर ओढा, म्हणजे एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह किंचित उघडतो आणि दाबलेली हवा फुस्स करून निघून जाते. किक अजून थोडीशीच सरकवा, पिस्टन टोक ओलांडून नुसता पलीकडे जाईल एवढी. लिफ्टर सोडा. किक पूर्ण वर येऊ द्या. आणि आता एकच लांब, तळापर्यंतची किक.

हे का चालतं? फोर-स्ट्रोकमध्ये कॉम्प्रेशन दर दोन फेऱ्यांत एकदाच येतं. पिस्टन ते टोक ओलांडून उभा असेल तर पुढचे तीन स्ट्रोक, म्हणजे क्रँकची दीड फेरी, समोर मोठा अडथळाच नाही. ही फ्लायव्हीलला मिळालेली धावपट्टी. तेवढ्यात तुम्ही त्याला गती दिलीत की दीड फेरीनंतर बारा गोण्या समोर येतात आणि फ्लायव्हील त्यांना ढकलून पुढे जातं. याउलट पिस्टन वाटेत कुठेतरी अर्धवट उभा असताना किक मारली तर गती यायच्या आधीच भिंत लागते. धट्टाकट्टा पैलवान दहा किका मारून थकतो आणि शेजारचा सडपातळ म्हातारा एका किकेत गाडी चालू करतो, त्याचं रहस्य हेच.

बुलेटचं मातीतलं बालपण

'आम्हाला काय त्या गोल्ड स्टारचं' असं वाटत असेल तर थांबा. रॉयल एनफिल्ड बुलेट आज आपण लग्नाच्या वरातीत आणि लडाखच्या वाटेवर बघतो. पण मागच्या सस्पेन्शनची ती नवी बुलेट १९४८ मध्ये जगासमोर आली ती चिखलातल्या ट्रायल स्पर्धेतून. त्याच वर्षी इटलीत सॅन रेमोला झालेल्या इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायलमध्ये बुलेट चालवणाऱ्या दोघांनी सुवर्णपदकं मिळवली. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली आणि ती गाडी आपल्याकडची झाली, सोबत तिची किकही.

जुन्या बुलेटवाल्यांनी इथे एक सुंदर युक्ती वापरली. हेडलाइटच्या घरावर अँपिअर मीटर असतो. चावी चालू करून किक हळू दाबली की काटा वजाकडे झुकतो, कारण पॉइंट मिटलेले असतात आणि कॉइलमधून करंट जातो. आणखी दाबत गेलं की एका क्षणी काटा मध्यावर येतो. पॉइंट उघडले. म्हणजे पिस्टन वरच्या टोकाशी आहे. आता डीकॉम्प्रेशनचा लिव्हर दाबून किक किंचित पुढे सरकवा, सोडा, आणि मारा. करंट मोजायच्या मीटरवरून पिस्टनचा पत्ता काढायचा! आम्ही सॉफ्टवेअरवाले सिस्टीमच्या आत काय चाललंय ते कळावं म्हणून पैसे मोजून टूल घेतो. गॅरेजमधल्या लोकांनी ते एका काट्यावरून ओळखलं.

मॅग्नेटोवर चालणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांना मात्र हा मीटर नव्हता. तिथे तळपायानेच ओळखावं लागे.

टू-स्ट्रोक: किक हलकी, नखरे वेगळे

१९६४ आणि १९६५ मध्ये जेफ स्मिथने बीएसएच्या छोट्या, हलक्या सिंगलवर ५०० सीसीचं विश्वविजेतेपद मिळवलं. त्यानंतर वारं फिरलं. चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेडवर पॉल फ्रिड्रिक्सने १९६६ ते १९६८ सलग तीनदा तेच विजेतेपद घेतलं. २५० सीसीमध्ये तर स्वीडनच्या हुस्कवार्ना आणि सीझेडच्या टू-स्ट्रोकनी आधीच ठाण मांडलं होतं.

टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नाहीत, भाग कमी, वजन कमी, आणि किक पुष्कळ हलकी. मग सगळं सोपं झालं का? नाही. इथे दोन नवे शत्रू.

पहिला शत्रू म्हणजे पेट्रोल तुंबणं. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या पोटात जातं. गाडी आडवी पडली किंवा चोक लावून उगाच दहा किका मारल्या, की पोटात पेट्रोल साचतं आणि प्लग भिजतो. मग उलटा उपाय: पेट्रोलचा कॉक बंद, चोक बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा, आणि किका मारत राहा. भरपूर हवा जाते, साचलेलं बाहेर पडतं. तरी नाही जमलं तर प्लग काढून पुसा किंवा बदला. शर्यतीला जाणारे खिशात जादा प्लग ठेवायचे ते यासाठीच.

दुसरा शत्रू आहे न्यूट्रल. त्या काळच्या बऱ्याच युरोपियन गाड्यांमध्ये किकची ताकद गिअरबॉक्सच्या शाफ्टमधून आणि क्लचमधून इंजिनकडे जायची. क्लच दाबला तर वाटच तुटली. म्हणून आधी न्यूट्रल, मगच किक. आता कल्पना करा. वळणावर पडलात, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये बंद, मागून वीस जण येतायत, बुटाला किलोभर चिखल, आणि त्या पायाने न्यूट्रल शोधायचा. जपानी कंपन्यांनी किक थेट क्लचच्या बाहेरच्या भांड्याला जोडली. तिला 'प्रायमरी किक' म्हणतात. क्लच दाबा आणि गाडी कुठल्याही गिअरमध्ये असो, किक मारा. चारच गिअरचे दाते इकडचे तिकडे, पण त्याने शर्यतीतली जागा वाचायची.

चेक घराण्याची दुसरी गाडी तर आपल्या घरातली: मैसूरच्या आयडियल जावाने बनवलेली जावा, नंतरची येझदी. तिचा गिअरचा लिव्हरच आत दाबून वर फिरवला की किक होते. एका लिव्हरमध्ये दोन कामं. पहिल्यांदा बसणारा माणूस किक शोधत गाडीभोवती फेऱ्या घालतो आणि मालक गालात हसतो.

युक्ती मशीनमध्ये शिरते

१९७५-७६ मध्ये यामाहाने टीटी ५०० आणि एक्सटी ५०० आणून मोठा फोर-स्ट्रोक सिंगल परत मातीत उतरवला. पहिली पॅरिस-डाकार रॅली १९७९ च्या जानेवारीत संपली, तेव्हा फ्रान्सचा सिरिल नव्हू एक्सटी ५०० वर पहिला आला होता. १९८० मध्ये परत तोच, परत तीच गाडी. वाळवंटात बॅटरी दगा देऊ शकते. किक देत नाही.

पण आता गिऱ्हाईक बदललं होतं. अमेरिकेतल्या पोराला गोल्ड स्टारची पूजा शिकवायला शेजारी म्हातारा नव्हता. मग ते ज्ञान गाडीतच भरायला लागलं. एक्सटीच्याच इंजिनावरून १९७८ मध्ये आलेल्या एसआर ५०० ला सिलिंडर हेडच्या बाजूला एक छोटी काचेची खिडकी दिली. डीकॉम्प्रेशनचा लिव्हर धरून किक हळू दाबायची, खिडकीत खूण दिसली की थांबायचं. पिस्टन बरोबर जागी. बुलेटच्या काट्याचं काम आता खिडकी करू लागली. होंडाने १९७९ च्या एक्सएल ५०० एसमध्ये आणखी पुढची पायरी गाठली: डीकॉम्प्रेशनची केबल किकच्या लिव्हरलाच जोडली. किक दाबली की व्हॉल्व्ह आपोआप किंचित उघडतो. जी गोष्ट शिकायला महिना लागायचा, ती एका केबलने केली.

तरी हा प्रश्न एकदा परत वर आला. १९९७ मध्ये लास व्हेगसच्या सुपरक्रॉस शर्यतीत डग हेन्रीने यामाहाच्या ४०० सीसी फोर-स्ट्रोकवर सगळ्या टू-स्ट्रोकना हरवलं. पुढच्या वर्षी वायझेड ४०० एफ दुकानात आली. टू-स्ट्रोकवर वाढलेली एक पिढी तिच्यावर बसली आणि अडली. त्यांना सवय होती ॲक्सिलरेटर पिळत धडाधड किका मारायची. इथे ॲक्सिलरेटर पिळला की कार्ब्युरेटरचा पंप पेट्रोलची पिचकारी मारतो आणि गाडी तुंबते. हाताळायची रीत मात्र आजोबांचीच: अडेपर्यंत दाबा, डीकॉम्प्रेशनचा लिव्हर ओढा, टोक ओलांडा, लिव्हर सोडा, ॲक्सिलरेटरला हात न लावता एक पूर्ण किक. इंजिन तापलेलं असेल तर जादा हवेसाठी 'हॉट स्टार्ट' वेगळा. १९५० च्या दशकातला धडा १९९८ मध्ये परत गिरवावा लागला. २००३ च्या वायझेड ४५० एफमध्ये तोही आपोआप झाला.

आणि मग बटण. केटीएमने २००७ मध्ये ४५० एसएक्स-एफ या मोटोक्रॉस गाडीला इलेक्ट्रिक स्टार्ट दिला. यामाहाची वायझेड ४५० एफ २०१८ मध्ये त्या वाटेने गेली. एसआर ४०० मात्र जपानमध्ये २०२१ पर्यंत फक्त किकवर विकली गेली. लोक ती किकसाठीच घेत होते.

मग गेलं काय, मिळालं काय?

यावर दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, बटणाने मर्दानगी संपवली. दुसरं म्हणतं, किक म्हणजे निव्वळ छळ. मला दोन्ही पटत नाहीत.

किक हे एक न दिसणारं फाटक होतं. ज्याची उंची कमी, ज्याचं वजन कमी, ज्याचा गुडघा अधू, तो बाहेर. आपल्याकडचंच बघा. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा सेल्फ स्टार्ट घेऊन आली. तिला गिअरही नव्हते. कितीतरी घरांत आई-मावशीने चालवलेली पहिली गाडी तीच. ज्यांना 'तुला किक जमणार नाही' असं सांगून गप्प बसवलं जायचं, त्यांना बटणाने रस्ता दिला. मातीतही तेच. पन्नाशीचा माणूस शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याने जंगलातल्या वाटेवर जाऊ शकतो, कारण चढावर गाडी बंद पडली तर अंगठा पुरतो. या गोष्टीला 'ऱ्हास' म्हणणं मला जमत नाही.

पण एक गोष्ट खरी गेली. जुनी पूजा करणाऱ्या माणसाला इंजिन आतून माहीत असायचं. त्याने पुस्तक वाचलेलं नसेल, टीडीसी हा शब्द ऐकलेला नसेल, पण पिस्टन कुठे आहे ते त्याच्या तळपायाला कळायचं. ते ज्ञान लिहिलेलं नव्हतं. एका पायातून दुसऱ्या पायात जायचं: 'दाब... दाब... थांब. आता सोड. आता मार.' गाड्या अजून सापडतात, भंगारात, गोठ्यात, कुणाच्या काकांच्या पडवीत. सुटे भागही मिळतात. पण 'थांब' कधी म्हणायचं ते सांगणारी माणसं दरवर्षी कमी होतायत.

तर तुमच्या ओळखीत असा कुणी असेल, जुना मेकॅनिक, बुलेटवाले आजोबा, येझदीवाली आत्या, तर या रविवारी त्यांच्याकडे जा. बूट घालून जा. मोबाईलवर रेकॉर्ड करा हवं तर, पण एक किक स्वतः मारून बघा, त्यांचा हात खांद्यावर असताना. आणि गुडघा ताठ ठेवू नका.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. रेकॉर्डिंग मिळालं तर नक्की पाठवा, ऐकायला आवडेल.